मेणाची कढई

धाकट्या वागियेमला थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

मी धडधाकट आहे, खोकला किरकोळ. तुझे गुडघे कसे आहेत?

इथे पेकालोंगानला आम्ही चौघी-चौघी एका कढईभोवती बसून कापडावर गरम मेणाची नक्षी काढतो. मेणात राळ किती घालायची, हे मी तीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. मेण तडकलं की झक मारत सगळ्या माझ्याकडे यायच्या. पार्मी म्हणून एक नवी पोर माझ्या शेजारी बसून बघून शिकली आणि तिनं ते सगळ्यांना सांगून टाकलं. मी म्हटलं, "चोरटे!" तर हसून म्हणते, "आजी, विचारल्यावर सांगितलं असतंत, तर कशाला चोरलं असतं?"

आता रंग बिघडला तरी मालकीणबाई पार्मीलाच हाक मारतात. बायका तिच्यासाठी सोयाबीनचं तळलेलं टेम्पे आणतात. तिच्या कढईशी सहाजणी दाटीवाटीनं बसतात, माझ्या कढईशी मी एकटी. माझं मेण अजून तडकत नाही, पण बघायला कोण येतंय?

तुझ्या नातीला इथे शिकायला पाठवू का, असं विचारलंस. पाठव. पण तिला बजावून सांग, पार्मीच्या कढईशी बस. आणि मी तिची आजी लागते, हे इथे कुणाला सांगू नकोस म्हणावं.

तब्येतीला जप.

तुझी थोरली,
सातियेम