तपकिरी बुटांचा तपास

४ फेब्रुवारी
सहाला उठलो. चहा केला. दूध उतू गेलं, ओटा पुसला. बऱ्याच दिवसांनी फिरायला निघालो तर रॅकवर तपकिरी बूट नाहीत. पलंगाखाली, माळ्यावर, कपाटामागे पाहिलं. नाहीत. चपला घालून पोलीस चौकीत गेलो.
तिथे पूर्वी आठ माणसं असत. आता एक हवालदार आणि एक टेबल. म्हणाला, वरून बजेट कापलंय साहेब, गाडी एकच, तिचं पेट्रोल वीस तारखेपर्यंत कसंबसं पुरतं, तेव्हा गुन्हे शक्यतो पहिल्या पंधरवड्यात झालेले बरे. तो हसला. मी हसलो नाही. तक्रारीचा कागदसुद्धा मलाच आणायला लावला. बूट शेवटचे कधी पाहिले, असं विचारलं. काल संध्याकाळी, म्हणालो. नक्की आठवत नाही, पण कागदावर ठाम काहीतरी लागतं.
दुपारी मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, आईनेच कुठेतरी ठेवले असतील. म्हटलं, आईला जाऊन तेवीस दिवस झाले, ती कशी ठेवेल? मग दोघंही थंडी कमी झाल्याबद्दल बोललो.

५ फेब्रुवारी, गुरुवार
संकल्प: नुसतं बसून राहायचं नाही. चोर शोधायचा. एकतीस वर्षं ऑफिसात आवक-जावक सांभाळली. माझ्या टेबलावरून एक लिफाफा बिननोंदीचा गेला नाही.
फाटकाला साखळी आणि कुलूप. वरच्या खोलीच्या खिडक्या घट्ट लावून काचेमागे बसलो. हिची खुर्ची तिथेच असते म्हणून तिच्यावर बसलो. दुसरं काही कारण नाही.
४.१० : हिरवी पिशवी घेतलेला एक इसम फाटकाशी थांबला. वय पन्नाशीचं. खांबावरच्या बेलशी चाळा केला. वर पाहिलं. तोंडाने काहीतरी हाक दिली. काचेमुळे ऐकू आली नाही. बहुधा साथीदाराला इशारा. ४.१६ ला गेला. पिशवी जड होती. हत्यारं असावीत.
(बेल नोव्हेंबरपासून बंद आहे. ही सारखी सांगायची. रविवारी बघतो.)

८ फेब्रुवारी, रविवार
समोरच्या डेंटिस्ट बाईंच्या वेटिंग रूममध्ये गल्लीची मीटिंग. अकरा जण. माझ्या बुटांवरून सगळे पेटले. मग एकाला हरवलेली बादली आठवली, एकीला जिन्यातला बल्ब. पोलीस नाहीत तर आपण, असं ठरलं. दक्षता समिती. रजिस्टर माझ्याकडे.
हवालदार पाच मिनिटं येऊन गेला. म्हणाला, प्रत्येक संशयावर धावायला माणसं नाहीत, एकाच माणसाच्या तीन नोंदी वेळेसकट आणा, मग मी हलेन. बाई म्हणाल्या, काका, तीन नोंदी होईस्तोवर चोर रिटायर होईल. सगळे हसले. अशा कामात थट्टा नको.
घरी येताना वाटलं, हिला सांगावं. फाटकापर्यंत तसंच वाटत होतं.
बेल राहिली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
४.०८ : तोच इसम, तीच पिशवी. बेलचं बटण दहा सेकंद दाबून धरलं. घरात कुणी आहे का, याची चाचपणी. मी श्वास रोखून बसलो. साखळी हलवून पाहिली त्याने. नोंद दुसरी.
मुलीला सांगितलं. म्हणाली, बाबा, खाली जाऊन विचारा ना काय हवंय. तपासात असं चालत नाही, हे तिला समजावणं कठीण.

१४ फेब्रुवारी
दिवसभराचा ताळा: गल्लीत आत आलेले १७, बाहेर गेलेले १८. म्हणजे एक माणूस आधीपासून आत दडलेला होता. तासभर अस्वस्थ होतो. मग लक्षात आलं, डेंटिस्ट बाई. त्या इथेच राहतात.
पद्धत मात्र बिनचूक आहे.

१६ फेब्रुवारी
नवी कल्पना. जे लोक परगावी जाणार, त्यांच्या बंद घरांवर सगळ्यांनी लक्ष ठेवायचं. त्यासाठी सगळ्यांना माहिती हवी. कोपऱ्यावरच्या बोर्डावर यादी लावली. रकाने: घर क्रमांक, कधीपासून बंद, कधीपर्यंत, किल्ली कोणाकडे. दोन नोंदी आल्या. शाईने लिहिलं, पट्टी लावून रेघा मारल्या.
डेंटिस्ट बाई बराच वेळ वाचत उभ्या होत्या. म्हणाल्या, काका, अक्षर सुंदर आहे हो तुमचं. कौतुक करणारं कुणीतरी लागतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
४.१२ : आला. नोंद तिसरी. मागच्या दाराने निघून चौकीत. हवालदार म्हणाला, टाकीत आजच्यापुरतं पेट्रोल आहे, बसा पटकन. आयुष्यात पहिल्यांदा पोलिसांच्या गाडीत बसलो. पुढच्या सीटवर.
इसम कोपऱ्यावरच सापडला. माणसं जमली. हवालदाराने विचारलं, हाच का? मी बोट दाखवून म्हणालो, हाच. मोठ्याने. माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मलाच माहीत नव्हतं. कुणीतरी त्याची कॉलर धरली. तो म्हणत होता, अहो, बाईंना विचारा, बाईंना. डेंटिस्ट बाई म्हणाल्या, मला? मी तर यांना ओळखत नाही. गाडी गेली.
लोकांनी पाठ थोपटली. जेवण गेलं. खूप दिवसांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२० फेब्रुवारी
सकाळी चौकीत बोलावणं. टेबलावर हिरवी पिशवी, आणि पिशवीबाहेर माझे तपकिरी बूट.
मी म्हणालो, बघा! मुद्देमाल सापडला. हवालदार हसला नाही. म्हणाला, साहेब, बसा. हा माणूस पलीकडच्या बाजारात जिन्याखाली बूट दुरुस्त करतो. गुरुवारी दुकान बंद ठेवून गिऱ्हाइकांचे बूट घरपोच देतो. उजव्या बुटात चिठ्ठी होती. आमचा घर नंबर, ७ जानेवारी, नवीन तळ, डावी टाच जाड.
मग त्याने माझा तक्रारीचा कागद काढला आणि विचारलं, हे बूट तीन फेब्रुवारीच्या संध्याकाळी तुम्ही घरात पाहिलेत, असं लिहिलंय. कसे पाहिलेत?
पंख्याकडे पाहत बसलो.
त्या माणसाला काल रात्रीपर्यंत बाकावर बसवून ठेवलं होतं. पिशवी उघडून बघायला हवालदार एकटाच, आणि फोन सारखे चालू. मुद्देमाल मिळाल्याची सही करून बूट घेतले.
७ जानेवारीला हिला ताप होता. त्या दिवशी ती घराबाहेर पडली कधी, मला माहीत नाही. मी घरातच होतो.

२२ फेब्रुवारी, रविवार
बंद असलेल्या दोन्ही घरांत चोरी. आधी पहिल्या नंबरचं, मग दुसऱ्या नंबरचं, यादीतल्या क्रमाने. बोर्डावरची यादी नाही. चोराने बरोबर नेली असावी. हवालदार चालत आला, पेट्रोल संपलंय. माझ्याकडे यादीची नक्कल मागितली. नक्कल होती. मी नेहमी नक्कल ठेवतो.
डेंटिस्ट बाई रिकामा बोर्ड पाहून आत गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.
रजिस्टर परत करायला गेलो. कुणी घेतलं नाही, म्हणून घरीच आहे.

२४ फेब्रुवारी
माफी मागायला गेलो. चार वाक्यं पाठ केली होती. जिन्याखाली हातभर जागा, तो खिळे तोंडात धरून बसलेला. मला ओळखलं. खिळे काढून वाटीत ठेवले. एक गिऱ्हाईक स्टुलावर होतं, त्याच्यादेखत बोलवेना. पायातल्या चपला काढून म्हणालो, पट्टा सैल झालाय. पट्टा सैल झालेला नाही.
तो म्हणाला, शनिवारी न्या. मग म्हणाला, बाईंनी मुद्दाम सांगितलं होतं, यांची डावी टाच झिजते, चालताना कलतात, स्वतःच्या लक्षात येत नाही, जरा जाड बसवा. वाढदिवसापर्यंत द्यायचे होते, पण हाताला लागलं म्हणून मला उशीर झाला. माझा वाढदिवस २७ जानेवारीला असतो. या वेळी तो येऊन गेला.
मग त्याने विचारलं, बाई कशा आहेत? बेल दाबून दाबून थकलो, हाका मारल्या, वाटलं परगावी गेल्या.
बऱ्या आहेत, म्हणालो.
एवढंच म्हणालो. अनवाणी घरी आलो.

२५ फेब्रुवारी
दिवसभर झोपून.

२८ फेब्रुवारी, शनिवार
ठरवून गेलो, आज सांगायचंच. दोन गिऱ्हाइकं होती. तोंड उघडायच्या आत तोच हळू आवाजात म्हणाला, तुमच्या गल्लीतल्या दातांच्या बाई परवा येऊन गेल्या. त्यांनी सांगितलं बाईंचं. तुम्ही सांगायला हवं होतंत, साहेब. मी आपली विचारपूस केली होती.
तेव्हा म्हणालो, माझं चुकलं. सगळ्यांसमोर म्हणालो, पण मोठा आवाज फुटला नाही. बोट दाखवताना कसा फुटला होता.
तो पट्ट्याला हात लावून म्हणाला, याला काही झालेलं नव्हतं. मग म्हणाला, शेजारच्या शाळेतून मुलांच्या बुटांचं काम यायचं. शिपाई सांगून गेला, सध्या नको, लोक बोलतात. तुम्ही इथे मला कशाला सांगता? मला माहीतच आहे. जिथे बोट दाखवलंत तिथे सांगा.
बरोबर आहे त्याचं.

१ मार्च, रविवार
गल्लीची मीटिंग बोलावली होती. दोघं आले. एकाला दाताची अपॉइंटमेंट होती. डेंटिस्ट बाई म्हणाल्या, काका, तुम्ही लिहाच. लिहिलेलं राहतं.
शाईने लिहिलं, रेघा मारल्या नाहीत: १९ फेब्रुवारीला याच कोपऱ्यावर मी ज्यांना चोर म्हणून दाखवलं, ते माझे दुरुस्त केलेले बूट घरी द्यायला आले होते. माझ्या पत्नीने दिले होते. चोरी झालीच नव्हती. तक्रार मी खोटी लिहिली. खाली सही, घर नंबर, त्यांच्या दुकानाचा पत्ता. बोर्डावर लावलं. एक नक्कल शाळेच्या शिपायाकडे नेऊन दिली. त्याने न वाचता घडी करून खिशात ठेवली.
येताना तपकिरी बूट पायात होते. डाव्या पायाला जमीन सारखी लागते आता.
दुपारी साखळी काढली. बेलची तार खांबातच तुटलेली होती, पाच मिनिटांचं काम. जोडली. घराचं दार उघडं ठेवून फाटकाशी गेलो आणि बटण दाबलं. आत वाजली. पुन्हा एकदा दाबून पाहिली. वाजते.
आत आलो. दार लावलं. बूट काढून रॅकवर ठेवले.