आतड्याचं सुटलेलं वळण

३ मार्च

चि. बारकीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीचं पोट पुन्हा दुखतंय. जेवण निम्म्यावर आलंय. बस चालवायला बसवत नाही म्हणून तिने रजा टाकली आहे. स्कॅन झाला. दवाखान्यातल्या कॉम्प्युटरने आतड्याची वाट रेघ ओढून दाखवली. कुठे अडथळा नाही. डॉक्टर म्हणाले, मनावर घेऊ नका. आता ती दुखलं तरी नाही म्हणते आणि उशी पोटाशी धरून भिंतीकडे तोंड करून पडते. तू अशाच स्कॅन वाचणाऱ्या प्रोग्रामच्या कामात आहेस, म्हणून स्कॅनची डिस्क पाठवतोय. ती म्हणते, नणदेला आता माझ्या पोटातलं सगळंच कळणार. हसली, पण मला ते हसू बघवलं नाही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
दादा

९ मार्च

ती. दादास, सा. न.

ती रेघ ओढणारा प्रोग्राम आमच्याच ऑफिसचा निघाला. रेघ सावकाश पुढे सरकवत पाहिली. खाली उजवीकडे आतड्याची दोन वेटोळी एकमेकांना चिकटली आहेत. तिथे रेघ एकातून थेट दुसऱ्यात शिरली आणि मधलं अख्खं वळण सुटलं. त्याची भिंत जाड दिसते. आमच्या स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरबाईंना दाखवलं. तुमच्या डॉक्टरांना त्यांनी लगेच फोन लावला.

साहेबांना म्हटलं, प्रोग्राम असा चुकतो हे सगळ्या दवाखान्यांना आजच कळवू या. ते म्हणाले, आधी खात्री करू. मी त्यांच्या खोलीतून हललेच नाही. शेवटी पत्रं गेली. आता ते माझ्याशी बोलत नाहीत, राहू दे.

वहिनीला सांग, दुखणं खरं आहे. घाबरेल म्हणून लपवू नकोस.

तुम्हा दोघांपाशीच जीव अडकलेली,
बारकी

३० मार्च

प्रिय वन्सं (चिडू नकोस),

ऑपरेशन झालं, तेवढा तुकडा काढला. रिपोर्ट चांगला नाही. तुझ्या दादाने किरकोळ आहे म्हणून सांगून बघितलं, पण खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. पुढचे उपचार सोमवारपासून. ते झेपतील का, पुन्हा बस चालवता येईल का, डॉक्टर काहीच सांगत नाहीत.

तुझं पत्र त्याने वाचून दाखवलं तेव्हा मी रडले. भीतीने नव्हे. इतके दिवस मला वाटायचं, मीच उगाच बाऊ करते.

काल त्याने विचारलं, दुखतंय का. सवयीने नाही म्हणणार होते. मग म्हटलं, हो, फार दुखतंय. त्याने खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, कुठे.

जमेल तशी ये, माया आहेच.
तुझी वहिनी