तिसऱ्या जागेचा चोर

ओल्खोव्का, ३ सप्टेंबर १९९४

चि. लुद्का हिस लेओकाद्यामावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू विद्यापीठात गणित शिकवतेस, जावईबापू बाळाचे लंगोट बदलतात, वाचून बरं वाटलं. इथे मात्र तुझ्या मावशीला दिवसाढवळ्या लुटलं जात आहे.

आईने जाताना मला अळंबीच्या तीन जागा सांगितल्या, हे तुला ठाऊक आहे. पहिली पाइनच्या दाट रानात, जाड देठाच्या तपकिरी अळंबीची. ती मी तुझ्या आईलाही दाखवली नाही. दुसरी ओढ्यापलीकडे, केशरी अळंबीची. तिसरी प्रार्थनाघरामागे ओकांखाली, तिथे नुसती हिरवी मिळते. बाजारात तिला कुणी विचारत नाही, पण लोण्यात परतली की मला तीच आवडते. मठाच्या शाळेतली माझी शिस्त: सोमवारी पहिली, बुधवारी दुसरी, शुक्रवारी तिसरी. गेले काही शुक्रवार मी पोचायच्या आत माती उकरलेली असते, आणि चिखलात बुटांचे ठसे. डाव्या टाचेला नाल. असा बूट गावात एकाचाच, शेजारच्या हिपोलितचा.

हा तोच हिपोलित, ज्याची बायको जेनोव्हेफा गेल्यापासून नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला माझ्या टेबलाशी बसवते. तिथेही साहेब मासा खातात आणि माझं अळंबीचं सूप तसंच ठेवतात! गेल्या वर्षी विहिरीपाशी त्याने सरळ माझ्या टोपलीत हात घातला, त्यातली सगळ्यात टपोरी हिरवी उचलली आणि किडकी आहे म्हणून काटेरी झुडपात भिरकावली. वर मला सांगतो, लेओकाद्याबाई, चष्मा करून घ्या. मी त्याला म्हटलं, चष्मा तुझ्या घोड्याला घाल. तेव्हापासून मनात डूख धरून बसला आहे.

तू हुशार आहेस. त्याला कसं पकडू ते कळव. नाहीतर या नाताळात त्याला माझ्या दाराची पायरीसुद्धा चढू देणार नाही.

बाळाचे पापे घे. मावशीवर जीव आहे तेवढा ठेव, जास्त मागत नाही.

तुझी
लेओकाद्यामावशी

&nbsp;

व्रोत्सवाफ, ९ सप्टेंबर

ती. मावशीस लुद्काचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा हसायला आणि एकदा अक्षर लागायला. तुझ्या ओळी हल्ली एकमेकींच्या अंगावर चढतात.

रागावू नकोस, पण चोराला तूच वेळापत्रक दिलं आहेस. तू शुक्रवारी कुठे असणार हे ज्याला कळलं, त्याला डोकं चालवावंच लागत नाही. म्हणून तू कुठे जाणार हे तुलाही आदल्या दिवशी माहीत नसावं. रोज सकाळी फासा टाक. एक पडला तर पहिली जागा. दोन किंवा तीन पडले तर दुसरी. चार, पाच, सहा पडले तर तिसरी.

सगळ्यात चांगल्या जागी सगळ्यात कमी का, असं तू ओरडशील, ते मला इथे ऐकू येतं. कारण त्याचाही डोळा तिथेच असणार. तू पहिलीकडेच धावलीस तर तो तिथेच दबा धरून बसेल. मी सांगते त्या मापाने गेलीस तर तो कुठेही बसो, तुझं सरासरी नुकसान तेवढंच. त्याच्या अंदाजाला काडीची किंमत उरत नाही. तोही शहाणा असेल तर बहुतेक वेळा पहिलीवर बसेल, अधूनमधून दुसरीवर. मग तुलाही चाल बदलून काही मिळत नाही आणि त्यालाही नाही. याला आम्ही संतुलन म्हणतो. आणि गणित असं सांगतं, की तिसऱ्या जागेकडे तो फिरकणारसुद्धा नाही. त्या हिरव्या अळंबीसाठी कोण पहाटे उठेल?

हिपोलितकाकांना लगेच सुळावर चढवू नकोस. मी लहान असताना ते मला घोड्यावर बसवायचे.

तुझ्या रागासकट तू मला हवी आहेस, हे विसरू नकोस.

तुझी
लुद्का

&nbsp;

ओल्खोव्का, २४ सप्टेंबर

चि. लुद्का हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

क्रुसाखाली बसून शिपायांनी आपल्या प्रभूच्या वस्त्रावर फासे टाकले होते, आणि माझी भाची मला फासे टाकायला सांगते! मठाच्या शाळेतल्या आमच्या सिस्टर सालोमेया हयात असत्या तर त्यांनी तुला कोपऱ्यात गुडघ्यांवर बसवलं असतं. तरी लहान मुलांच्या खेळातला एक फासा शोधला आणि रोज क्रुसाची खूण करून टाकला.

आता तुझ्या गणिताची फजिती ऐक. पहिली जागा जशीच्या तशी, कुणी फुंकरही घातलेली नाही. दुसरीही तशीच. आणि जिथे तो फिरकणारसुद्धा नाही, त्या तिसरीवर मी जाईन तेव्हा माती उकरलेली! रानटी माणूस, सुरीने कापत नाही, मुळासकट उपटतो. मी नेहमी देठ वरून स्वच्छ कापते, जमिनीला इजा होऊ देत नाही.

गेल्या रविवारी चर्चमध्ये मिसा सुटल्यावर मी त्याला चारचौघांत गाठलं आणि चोर म्हटलं. फादर तिथेच होते. हिपोलितने टोपी काढली, बुटांकडे बघत राहिला आणि म्हणाला, लेओकाद्याबाई, मी अळंबी खातच नाही, जेनोव्हेफा गेल्यापासून घशाखाली उतरत नाही. बायका हसल्या. नाटकी मेला! मी सांगून टाकलं, यंदा माझ्या टेबलाशी त्याची खुर्ची नाही.

त्याने मागे ठेवलेल्यांतली हिरवी वाळवून तुला पाकीट धाडलं आहे. जावईबापूंना सूप करून घाल. डोळ्यांबद्दल लिहू नकोस, दिव्याची वात वाईट आहे.

रागावले तरी तुझीच,
लेओकाद्यामावशी

&nbsp;

व्रोत्सवाफ, २८ सप्टेंबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

पाकीट मिळालं. सूप रविवारी करणार आहे.

पण मला रात्रभर झोप नाही. तुला वाटतं गणित फसलं. मला वाटतं आपण त्याला चुकीचा प्रश्न घातला. आपण धरून चाललो, की त्याला तुझी अळंबी हवी आहे. तसं असतं तर तो तिसरीवर कधीच आला नसता, आणि तू पहिलीला इतके दिवस पाठ फिरवलेली पाहून त्याने ती केव्हाच धुऊन नेली असती. जो माणूस चांगल्या दोन जागा सोडून रोज सगळ्यात वाईट जागी जातो, त्याला तिथे काहीतरी वेगळंच हवं आहे.

तो काय नेतो हे तू लिहिलंस. काय सोडतो आणि नेलेल्याचं काय करतो, ते पाहिलंस का? एकदा तिथे खाली बसून नीट पाहा. डोळ्यांनी जमलं नाही तर हाताने चाचपून पाहा. हे लिहिल्याबद्दल आधीच कान धरते.

तुझ्या मायेची सवय झालेली,
लुद्का

&nbsp;

ओल्खोव्का, ५ ऑक्टोबर

चि. लुद्का हिस अनेक आशीर्वाद.

माझ्या तारेला तुझी उलट तार आली, पाकीट जाळलंस हे वाचलं आणि जीव भांड्यात पडला. ती येईपर्यंत पोस्टाच्या पायरीवरून मी हलले नव्हते. पोस्टातल्या मुलीने खुर्ची आणून दिली, तिच्यावरही खेकसले.

तुझं पत्र वाचून त्याच सकाळी गेले. ओकाच्या बुंध्यामागे पानांखाली ढीग सापडला. चेचलेली, हिरवट, टपोरी अळंबी. एकही नेलेली नव्हती. एक हातात घेतली आणि मुळापाशी बोटं फिरवली. तिथे मऊ पिशवी होती, लुद्का. सिस्टर सालोमेयांनी आम्हा मुलींना डोळे मिटायला लावून शिकवलं होतं, की बुडाशी पिशवी लागली तर ते मरण आहे. मी वर्षानुवर्षं देठ वरून स्वच्छ कापत आले आणि ती पिशवी मातीतच राहत गेली. पूर्वी खायची हिरवी कुठली आणि ही विषारी कुठली, ते टोपीखालच्या रंगावरून ओळखत असे. आता सगळंच हिरवं दिसतं.

आधी पोस्टात धावले, सूप करू नकोस अशी तुला तार केली, आणि तुझं उत्तर आल्यावर सरळ हिपोलितच्या दारात गेले. तो घोड्याला खरारा करत होता. मला म्हणाला, चोराचं घर उघडंच आहे, काय न्यायचं ते न्या. मी ती अळंबी त्याच्यापुढे धरली. मग तो ओट्यावर बसला. जेनोव्हेफा पोटाच्या दुखण्याने गेली असं सगळं गाव समजतं. पण तिने खाल्लेली शेवटची अळंबी त्यानेच आणली होती, त्याच ओकांखालून. कुणाला सांगायची हिंमत झाली नाही. मलाही सांगून पाहिलं, म्हणाला, पण तुम्ही घोड्याला चष्मा घालायला सांगितलंत.

म्हणजे प्रश्नच चुकीचा होता, तुझं गणित नाही. चोर पहिल्या दोन जागांकडे फिरकला नाही, कारण तिथे मला धोका नव्हता.

क्षमा मागायला माझी जीभ वळत नाही, तू मला ओळखतेस. येत्या रविवारी मिसेनंतर त्याच चारचौघांत जे बोलायचं ते बोलेन, त्याची तयारी चालू आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मोतीबिंदू असेल म्हणतात. काल सकाळी मात्र हिपोलितला हाक मारली, टोपली त्याच्या हातात दिली आणि पाइनच्या रानात घेऊन गेले, आईच्या पहिल्या जागेवर. तो वाटेत विचारत होता, लेओकाद्याबाई, कुठे नेता आहात. मी म्हटलं, गप्प चाल, आणि प्रत्येक देठाचं बूड तू बघायचंस.

फासा घरीच ठेवला होता.

नाताळला तुम्ही तिघं या. खुर्च्या कमी पडतील, तर एक त्याच्याकडून आणू.

तुझी, अजून पुष्कळ दिवस तुला रागावू इच्छिणारी,
लेओकाद्यामावशी