काय खावंसं वाटलं, या रकान्याबद्दल

लखनौ, ११ जानेवारी २०१५

ती. लतिकाताईस,

शुभदाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे मनातल्या मनातच घातलाय, गोड मानून घे). पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन करावा तर हे शेजारीच पेपर वाचत बसलेले असतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर लिहावं तर मिरजेपासून नागपूरपर्यंत अख्खं माहेर सल्ले द्यायला धावून येतं, म्हणून पत्र. तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला? इथे गेले नऊ दिवस ऊन नाही. वाळत घातलेले कपडे संध्याकाळी सकाळपेक्षा ओले निघतात, आणि माझंही साधारण तसंच चाललंय.

तर झालं असं. महिन्यापूर्वी अमीनाबादला अस्तराचं कापड घ्यायला गेले आणि दुकानातच डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडले. (तो माझा नुसत्या पपईचा दिवस होता. त्याआधी कोबीच्या सुपाचं वर्ष झालं, मग भात बंद, मग गहू बंद, मग दिवस मावळल्यावर सगळंच बंद. वीस वर्षांत मी अठरा किलो उतरवले आणि एकवीस चढवले.) दुकानदार भला माणूस. त्याने गादीवर आडवं केलं, तोंडावर पाणी मारलं, आणि मी डोळे उघडताच 'बहनजी, अब कुछ दिखाएँ?' असं अगदी अदबीनं विचारलं. अस्तर राहिलं ते राहिलंच. डॉक्टरांनी रक्त तपासलं, मला यथेच्छ झापलं आणि निशातगंजच्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडे धाडलं.

बाई कसली, आमच्या अंतराहून दोनतीन वर्षांनी मोठी पोर. हिमानी नाव. मी नवा तक्ता उतरवून घ्यायला पेन उघडून बसले, तर म्हणते, आंटी, आता तक्ता नाही. भूक लागली की खायचं, मनाला येईल ते खायचं, पोट भरलं की थांबायचं. एवढंच! (हे शिकायला पोरगी पाच वर्षं दिल्लीला होती म्हणे.) वर एक वही दिली, तीन रकान्यांची: भूक कधी लागली, काय खावंसं वाटलं, काय खाल्लं. सत्तावीस तारखेला भरून आणायची. मला वाटलं, चला, आयुष्यात पहिल्यांदाच असं काहीतरी मिळालं ज्यात मी नापास होणार नाही.

ताई, मधला रकाना कोरा आहे. ह्यांची भूक मला पेपरच्या फडफडीवरून कळते. अंतराची, तिनं फ्रिज उघडून काहीच न घेता बंद केला की. माझी मला कळत नाही. पहिले चार दिवस मी मधल्या रकान्यात 'हे – कारलं, अंतरा – मॅगी' असंच लिहीत गेले. हिमानीनं फोनवर विचारलं, और आप? मी म्हटलं, मी त्यातलंच उरलेलं. त्यावर तिनं ते सगळं खोडायला लावलं, तिथे फक्त तुमचं लिहायचं म्हणाली. सहाव्या दिवशी दुपारी चारला मात्र खरीखुरी भूक लागली! इतका आनंद झाला की बाहेरच्या खोलीत येऊन जाहीरच केलं. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, वा, मग पोहे टाक, मलाही चालतील. आतून अंतरा ओरडली, 'मम्मी, मेरे में मूँगफली ज़्यादा!' पोहे केले, वाढले, लिंबू नव्हतं ते शेजारून आणलं, आणि वही घेऊन बसले तोवर भूक निघून गेली होती. (ह्यांचा राग नाही आला. म्हणजे आला. चांगलाच आला.)

मग हट्टानं एकटी चौकात गेले. थंडीत तिथे सकाळी मक्खन-मलाई मिळते, दुधाचा पिवळसर फेस, वर पिस्ता, जिभेवर ठेवला की विरघळला. रिक्षातून उतरले, ठेल्यासमोर उभी राहिले, त्यानं विचारलं किती देऊ, आणि माझ्या तोंडून निघालं, तीन जागी बांधा, एकात साखर कमी. अगं, उभ्या उभ्या चार चमचे खायला काय झालं होतं मला? घरी पोचेपर्यंत निम्मी विरली, दोन वाट्यांपुरती उरली. दोघांनाही फार आवडली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि मग कुकर लावला.

जाडीची लाज वीस वर्षं सोसली, तिची आता सवय आहे. पण ही भीती नवीन आहे, ताई. सासूबाईंना जाऊन सात वर्षं झाली तरी त्यांच्या आवडीनिवडी मला पाठ आहेत. आमटीत गूळ किती, भाकरीचा पापुद्रा कसा, सगळं. आणि तुम्हाला काय आवडतं असं त्या पोरीनं विचारलं, तर पन्नासाव्या वर्षी मला काहीच आठवेना.

बाकी सर्व क्षेम. हे बरे, अंतरा बरी. वजन दीड किलो उतरलंय (काहीही न करता). भावोजींना नमस्कार, मुलांना पोटभर आशीर्वाद.

तुझी,
शुभदा

ता. क. : खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. आई आता नाही, तिला विचारता येत नाही. तू माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. सासरी यायच्या आधी मी काय मागून खायचे गं? कशासाठी हट्ट करायचे, रडायचे? आठवून कळव. सत्तावीसच्या आत पोचेल असं टाक.

ता. क. २ : दादाला विचारू नकोस. तो स्वतःला आवडायचं तेच सांगेल.

ता. क. ३ : तुलाही आठवत नसेल, तर तसं लिहू नकोस. कुठल्याही एका पदार्थाचं नाव लिहून पाठव. मला तेच आवडायचं, असं मी धरून चालेन.