त्रिकोणी इंजिन आणि पेट्रोलचा वास

आण्णा, तुम्ही जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला काही विचारावं असं मला कधी इतकं वाटलं नव्हतं, जितकं गेल्या महिन्यात वाटलं. उद्यमनगरातला आपला गाळा आहे तिथंच आहे. डिझेल इंजिनांच्या पंपांची कामं कमी झाली, मी आता जास्त करून पेट्रोल गाड्यांचं इंधनाचं काम बघते. तर शिरोलीच्या एका फाउंड्रीवाल्यांनी एक जुनी जपानी गाडी आणली. तिच्या इंजिनात पिस्टनच नाही. एक त्रिकोणी लोखंडी तुकडा आत गोल फिरतो आणि वरून टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा. तुम्ही असता तर कंबरेवर हात ठेवून म्हणाला असता, "पिस्टन न्हाय तर चालतंय कशावर, जोतिबाच्या नावावर?"

गाडीच्या मालकांनी टर्बोचं प्रेशर थोडं वाढवून घेतलं होतं, धूर सोडायचा पाइप मोठा टाकला होता. फार काही नाही. पण हवा वाढली की पेट्रोलही वाढवावं लागतं, आणि हे इंजिन त्या बाबतीत फार हळवं. त्या त्रिकोणाच्या टोकांवर बारीक पट्ट्या असतात. भर वेगात क्षणभर पेट्रोल कमी पडलं तरी त्या तुटतात आणि इंजिन संपतं. डिझेल निदान काळा धूर सोडून, ठोके देऊन सांगायचं तरी. मालक एक पिशवीच घेऊन आले होते, मिळेल त्यातला सगळ्यात मोठा पंप आणि पेट्रोल फवारणारे सगळ्यात मोठे इंजेक्टर. "ह्येच टाका. मोठं असलं म्हंजे काळजी न्हाय." मी त्यांना सांगितलं की एवढा पंप टाकला तर उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी जुनी नळी पुरणार नाही, गाडी उभी असतानाही प्रेशर चढलेलं राहील, आणि मोठ्या इंजेक्टरवर ती सिग्नलला बंद न पडता धड उभीसुद्धा राहणार नाही. ते ऐकेनात. शेवटी म्हणाले, "आण्णांची पोरगी हाईस म्हणून ऐकतोय."

तुमच्या नावावर मिळालेला तो होकार घेऊन मी आठवडाभर हिशेब करत बसले. मधला पंप, त्याला बॅटरीवरून थेट जाड वायर. चारपैकी दोनच इंजेक्टर बदलायचे, तेही एकाच मापानं मोठे. फिल्टर नवा, रबरी नळ्या नव्या. आकडे तीनदा जुळले तरी भीती जाईना. डिप्लोमा झाल्यावर तुम्ही मला दिलेला पितळी प्रेशर गेज काढून मी कपाळाला लावला, तुम्ही लावायचा तसा. मला ते कधी पटलं नव्हतं.

भीती आकड्यांची नव्हतीच. अडीच वर्षांपूर्वी मला मोठा ताप येऊन गेला, तेव्हापासून मला वास येत नाही. कशाचाच नाही. घरी आई तांबडा रस्सा करते आणि मी चेहऱ्यावर आनंद आणते. गाळ्यात मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येक जोडाखाली पांढरा कागद धरायचा, डाग पडतो का बघायचं, असं माझं चाललेलं.

आणि प्रत्येक वेळी तो दिवस आठवायचा. मी विशीची आहे. एका ट्रॅक्टरची नळी बसवून मी हात पुसतेय. तुम्ही दारातच थांबता, नाक वर करता. "काय बसीवलंस?" मी म्हणते, नळी. "गळतीया." मी म्हणते, बघितलं मी, नाही गळत. तुम्ही माझा हात धरून मला बाहेर रस्त्यावर नेऊन उभं करता, मग परत आत आणता. बाहेरच्या हवेनं नाक मोकळं झालेलं, आता मलाही वास येतो. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तुम्ही ओरडता, "डोळं चुकत्यात, नाक चुकत न्हाय! ज्याला वास येत न्हाय त्यानं आमच्या धंद्यात येऊच नये!" संध्याकाळी तुम्ही माझ्यासाठी भेळ आणलीत, पण ते वाक्य काही मागं घेतलं नाहीत.

गाडी सुरू करायच्या दिवशी मालक त्यांच्या आईंना घेऊन आले. जोतिबाला जाऊन आले होते, म्हातारीच्या केसांत गुलाल. मी त्यांना गाडीच्या शेजारीच खुर्ची दिली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. प्रेशर बरोबर, कागद कोरडे. मालक हसत होते, मीही. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "अगं बाई, हितं राकेलचा वास मारतोय की गं."

मी इंजिन बंद केलं. मालक वाकले, हुंगले आणि एकदम मागं सरले. "पेट्रोल हाय! आई, बाहेर चल आदी!" वरचा सगळा पसारा काढल्यावर सापडलं. नळीतले पेट्रोलचे हिसके गिळणारी एक छोटी डबी असते, आत रबरी पडदा. ती माझ्या कागदापासून लांब, सगळ्याच्या खाली लपलेली. नवी यायला वेळ लागणार होता म्हणून मी जुनीच राहू दिली होती. वाढलेल्या प्रेशरनं तिचा पडदा फाटला होता आणि थेंब तापलेल्या इंजिनावर पडत होते.

"तुमाला एवढा वास आला न्हाय?" मालकांनी विचारलं.

सर्दी झालीय, असं तोंडापर्यंत आलं होतं. म्हातारीची खुर्ची अजून गाडीच्या शेजारीच होती. मी म्हटलं, "न्हाय येत मला. अडीच वर्सं झाली. आणि डबी जुनी ठिवली ती चूक बी माझीच."

ते आईला घेऊन गेले. जाताना एवढंच म्हणाले, "गाडीला हात लावू नका." चार दिवस ती उघडी गाडी माझ्यासमोर होती. फोन वाजला की हातातला पाना ठेवायला जागा सापडायची नाही. गावभर होणार, आण्णांच्या गाळ्यावर आता नाक नाही, असं वाटायचं. पाचव्या दिवशी ते स्वतः आले. म्हणाले, "आई म्हणती, खरं बोलली, तिच्याकडंच करून घे. पर सुरू करताना मी हितं पायजे, वास घ्यायला."

नवी डबी आली. मी वास ओळखणारं एक यंत्र घेतलं, गाळ्याच्या भिंतीवर टांगलं, आणि दारात पाटी लावली की इथल्या मिस्त्रीला वास येत नाही, तुम्हाला आला तर लगेच सांगा. लोक हसतात. सांगतात पण. गाडी आता नीट चालते. टर्बो भरात असतानाही पेट्रोल कुठं कमी पडत नाही. तरी मालकांचा फोन आला की मी पहिल्यांदा छातीवर हात ठेवते.

पत्र कुठं टाकणार, वहीतच राहील. पण एक सांगायचं राहिलंय. ज्यावरून तुम्ही डिझेलचा पंप लावायचा, तो इंजिनाचा बारीक ठोका शेवटच्या वर्षी तुम्हाला ऐकू येत नव्हता. मला ठाऊक होतं. तुम्ही पंप लावून जेवायला गेलात की मी तो परत तपासायचे. तीन गिऱ्हाइकांच्या पंपांचे स्क्रू मी गुपचूप फिरवून नीट लावले, आणि तुम्ही आल्यावर म्हटलं, आण्णा, एकदम बरोबर लागलाय.