आधी परत म्हणून दाखव

प्रिय मुंगे,

अक्षर बघून घाबरू नकोस. हे पत्र तुझ्या आईनेच लिहिलंय, फक्त डाव्या हाताने. पाकिटावरचा पत्ता मात्र बाबांकडून घालून घेतला, नाहीतर माझ्या किड्यामकोड्यांवर भरवसा ठेवून पोस्टाने हे भलत्याच देशात नेऊन टाकलं असतं. आत काय लिहिलंय ते मी त्यांना वाचू दिलेलं नाही. त्यामुळे ते स्वयंपाकघरात भांडी जरा जोरातच विसळताहेत.

सहा वर्षांत मी तुला एक ओळसुद्धा लिहिली नाही. तू दर रविवारी फोन करतेस, बाबांशी पाऊण तास बोलतेस, आणि शेवटी मी कुठे आहे विचारलंस की बाबा सांगतात, आई बागेत आहे. अगं, इतकी बागेत राबले असते तर आपल्या घरामागे एव्हाना जंगल उभं राहिलं असतं! मी तिथेच असते, समोरच्या खुर्चीत, कान टवकारून. तुझ्या आवाजावरून तुला सर्दी झालीय की नाही हेही मला कळतं. आधी पाच वर्षं मी फोनवर आले नाही ते हट्टापायी, हे कबूल करते. तुझ्यात जो हट्ट आहे तो आभाळातून पडलेला नाही. पण गेल्या वर्षीपासून कारण वेगळं आहे, आणि ते तुला कुणी सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी मी रोपांना पाणी घालत होते. हो, त्या दिवशी खरोखरच बागेत होते. एकाएकी उजव्या हातातून झारी गळून पडली आणि हात माझं ऐकेना. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. बाबांनी शेजारच्या दंतवैद्यीणबाईंची गाडी मागून मला अर्ध्या तासात रुग्णालयात पोचवलं. आता मी बरी आहे. पाय सुधारला, जिने चढते-उतरते. हात अर्धामुर्धा आला. राहता राहिलं बोलणं. डोक्यात शब्द अगदी जागच्या जागी असतो, पण तोंडातून त्याचा कुणी भलताच भाऊबंद बाहेर पडतो. पहिल्या आठवड्यात मी चहा मागायला गेले आणि म्हणाले, कात्री. तुझे बाबा, जन्मभर मुलांना भूगोल शिकवलेला शहाणा माणूस, निमूटपणे कात्री घेऊन आले. तुला कळवायचं नाही अशी शपथ मी त्यांना खाणाखुणांनी घातली. त्यांच्यावर रागावू नकोस. तू हातातलं काम टाकून धावत आली असतीस, माझ्या उशाशी बसून गोड गोड बोलली असतीस, आणि आपलं भांडण न मिटताच दयेपोटी संपून गेलं असतं. तसं संपलेलं मला नको होतं.

वाचा-उपचारवाल्या मुलीने मोबाइलमध्ये मेंदूच्या व्यायामाचे खेळ घालून दिले. रंगीत चौकोन लक्षात ठेवा, पळणारे मासे पकडा, जोड्या लावा. तुला माहीतच आहे, कुठलीही गोष्ट हातात घेतली की मी ती तडीला नेते. चार महिन्यांत मी एकशे बाराव्या पायरीवर पोचले. बाबा अख्ख्या गल्लीला सांगत सुटले की आमच्या हिचा मेंदू विशीतल्या पोरीसारखा चालतोय. आणि विशीतली पोर चहाला अजून कात्रीच म्हणत होती. मासे पकडून मी मासे पकडण्यात तरबेज झाले, एवढंच. कंटाळून एके दिवशी मी मोबाइलवरच्या एका चर्चामंचावर गेले, तिथे मेंदूच्या व्यायामावर वाद पेटला होता. एका बोटाने, तासाभरात, तीन ओळी टंकल्या. तोंडातून न येणारा शब्द बोटातून हळूहळू का होईना, पण बरोबर येत होता. मला तिथेच रडू आलं. बाबांना वाटलं कुणी शिवी दिली.

मग काय, मला रानच मोकळं मिळालं. रोज सकाळी बाबा वाचनालयात गेले की मी जेवणाच्या टेबलाशी बसते. नाव घेतलं पाळीप्रमुख, अणुवीज केंद्रात निवृत्त होईपर्यंत माझं जे पद होतं तेच. एका दालनात मेंदूचे व्यायाम, दुसऱ्यात ऊर्जा, तिसऱ्यात अण्वस्त्रांचा प्रसार. आणि तिन्हीकडे भांडण एकच, कुणी कुणाचं ऐकत नाही! एक लिहितो अणुवीज हवी, दुसरा वाचतो याला बॉम्ब हवा. एक लिहितो कचऱ्याचं काय करणार, दुसरा वाचतो हा अडाणी आहे. आमच्या नियंत्रण कक्षात असं वागणाऱ्याला मी अर्ध्या तासात घरी पाठवलं असतं. तेव्हा मी तिथे आमचा कक्षातला नियम लावला. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं, त्याने 'बरोबर' लिहिलं की मगच आपलं तोंड उघडायचं. तो नियम मी कसा शिकले ते तुला कधी सांगितलं नाही, कारण त्यात माझी शोभा आहे. कामाला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. खालून फोन आला, पंपाबद्दल सूचना सुरू झाली. रोज त्या वेळी तो पंप चालूच करायचा असे, त्यामुळे वाक्य पुरं व्हायच्या आत मी 'हो' म्हटलं आणि हात बटणाकडे गेला. वरिष्ठांनी माझं मनगट धरलं. सूचना होती की पंप आज बंदच ठेवा. खाली दोन फिटर त्याच्यात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. मी ऐकलं नाही असं नव्हे, मला ऐकायची गरजच वाटली नव्हती. त्यानंतर एकतीस वर्षं मी प्रत्येक सूचना परत म्हणून दाखवली, 'बरोबर' ऐकलं, आणि मगच हात हलवला. माझ्या पाळीवर कुणाच्या बोटाला खरचटलंसुद्धा नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

मंचावर आधी माझी टरच उडवली. पोपट म्हणाले. म्हटलं, म्हणा बापडे. पण शंकासुर नावाचा एक सदस्य आहे, कुणी 'सूर्य उगवला' म्हटलं तरी पुरावा मागणारा. त्याने एकदा गंमत म्हणून माझं म्हणणं परत म्हणून दाखवलं. मी लिहिलं होतं की वादविवादाने माझे शब्द परत आले, खेळांनी नाही. त्याने परत म्हटलं, मी 'बरोबर' दिलं, आणि मग तो शांतपणे म्हणाला की बाई, हा तुमचा एकटीचा अनुभव झाला, शब्द नुसत्या काळानेही परत आले असतील. मी लिहिलं, हरले. तसंच अणुभट्टीच्या कचऱ्याबद्दल. तो हजारो वर्षं सांभाळायचा आहे आणि ती जबाबदारी आपण न जन्मलेल्या माणसांवर टाकतोय, हे मला एका शाळकरी मुलीचं म्हणणं परत टंकताना पहिल्यांदा नीट कळलं. मत बदललं नाही, पण आवाज उतरला. आज त्या मंचावर निम्मे लोक हा नियम पाळतात आणि त्याला 'पाळीचा नियम' म्हणतात. तुझ्या आईच्या नावाने नियम आहे, मुंगे!

आता ज्यासाठी बसले तिथे येते. दोन महिन्यांपूर्वी अण्वस्त्रांच्या दालनात जाणकार नावाच्या गृहस्थांनी लिहिलं की अणुभट्ट्यांची तपासणी हे सगळं थोतांड आहे, निरीक्षक दाखवलं तेवढंच बघतात, आणि ज्यांना यंत्र चालवता येत नाही तीच माणसं दुसऱ्यांच्या दाराची कुलपं बघत हिंडतात. नियम माझाच. मला ते माझ्या हाताने परत लिहावं लागलं. एकेक अक्षर. कुलपांच्या वाक्यात तिसऱ्या शब्दाला बोट थांबलं. ते वाक्य जाणकारांचं नव्हतंच गं. ते मी याच टेबलाशी उभी राहून तुला म्हटलं होतं. आमच्या कक्षात प्रशिक्षणासाठी तुझी निवड झालेली, मी तुझ्यासाठी माझी खुर्ची मनातल्या मनात पुसून ठेवलेली, आणि तू मात्र निरीक्षकाच्या नेमणुकीचा कागद घेऊन आलीस. ते वाक्य परक्याच्या नावाखाली वाचताना किती हलकट दिसत होतं! जाणकारांनी ताबडतोब उलट टपाली 'बरोबर' दिलं. आणि उत्तर द्यायला मला तीन सकाळी लागल्या.

मी त्यांना चमचा सांगितला. एक मुलगी होती, लिहिलं, सहा वर्षांची. घरातलं सगळं मोजायची. जिने, बटणं, मोजे. मुंग्यांची रांग मोजता मोजता जेवायचं विसरायची, म्हणून घरात तिला मुंगीच म्हणत. दर शनिवारी चमचे मोजायची, अठरा. एका शनिवारी सतरा भरले. आई म्हणाली, असेल इकडेतिकडे. वडील म्हणाले, एका चमच्याने काय बिघडतं. मुलगी म्हणाली, बिघडत नाही, पण कुठे गेला ते सांगा. तिने कुणावर आळ घेतला नाही, रडली नाही, पण दोन दिवस घरभर फिरली आणि शेवटी कुंडीत रुतलेला चमचा घेऊन आली. वडिलांनी माती उकरायला नेला होता आणि साफ विसरले होते. त्या दिवसापासून त्या घरातून चमचा हलला नाही. कुणी रागावलं म्हणून नव्हे. मोजणारं कुणीतरी आहे, हे सगळ्यांना माहीत झालं म्हणून. शंकासुराने लगेच टोकलं की चमचा म्हणजे पुरावा नव्हे. बरोबरच आहे त्याचं. पण जाणकारांनी पहिल्यांदाच नियम पाळला. त्यांनी लिहिलं, म्हणजे तुमचं म्हणणं असं, की मोजणारा सगळं पकडेलच असं नाही, पण तो आहे म्हटल्यावर उचलणारा हात आधी विचार करतो. मी लिहिलं, बरोबर. त्यांनी विचारलं, ती मुलगी आता काय करते? मी सांगितलं, तेच. फक्त आता चमचे नसतात. हे टंकताना माझी मान इतकी ताठ झाली होती की वाचनालयातून परतलेल्या बाबांनी विचारलं, मानेत काही भरलंय का.

आणि मग गेल्या रविवारी तुझा फोन आला. तुला तपासणी पथकाची प्रमुख केलंय हे बाबांना सांगितलंस आणि म्हणालीस, आईला फोन द्या, बागेत असली तर मी थांबते. बाबांनी फोन माझ्या कानाला लावला. तू सांगितलंस आणि थांबलीस. मला एकच शब्द म्हणायचा होता, शाबास. तो डोक्यात लखलखत होता. पण जिभेवर येऊन बसला होता 'झाकण'. सहा वर्षांनी आईचा आवाज ऐकायला थांबलेल्या माझ्या पोरीला मी झाकण म्हणू? मी ओठ घट्ट मिटून घेतले. तू जरा वेळाने म्हणालीस, ठीक आहे आई, आणि फोन ठेवलास. तुला वाटलं असेल, म्हातारी अजून तशीच ताठ. तुझ्या त्या 'ठीक आहे'साठी हे पत्र लिहायला घेतलं. आज पाचवी सकाळ आहे. एकतीस वर्षं मी परक्यांची वाक्यं परत म्हणत आले आणि घरच्या पोरीचं एक वाक्य मी कधी परत म्हटलं नाही. ऐकायची गरजच वाटली नव्हती. तर आता म्हणून दाखवते. तू त्या दिवशी हातात कागद घेऊन म्हणाली होतीस, आई, मला तुझ्या कामाची लाज वाटत नाही, अभिमानच वाटतो. पण तू करतेस ती वीज फक्त वीजच राहावी, त्यातलं काही बॉम्बकडे वळू नये, म्हणून बाहेरून कुणीतरी मोजायला हवं. मी तुझ्या विरुद्ध बाजूला जात नाहीये, तुझ्याच दाराबाहेर उभी राहणार आहे. हेच ना? काही राहिलं असेल तर दुरुस्त कर, मी पुन्हा म्हणून दाखवेन, लागेल तितक्या वेळा. काम सोडून धावत येऊ नकोस, पथक तुझ्यावर आहे. फक्त एका शब्दाचं उत्तर पाठव. तो आला की मग मी माझं म्हणणं सांगेन. तेही एकाच शब्दाचं आहे, आणि तो तोंडाने नीट म्हणता यावा म्हणून मी रोज सकाळी बाबांसमोर सराव करतेय. बाबांना आतापर्यंत सदतीस वेळा शाबासकी मिळालीय आणि ते उगाचच फुशारलेत.

तुझ्या 'बरोबर'ची वाट बघत फोनशेजारी पाळीवर बसलेली,

तुझीच,
आई