सूज उतरल्यावर

विहीणबाईंना नमस्कार,

लेक फोनवर म्हणाली ना, "न्हाणीत घसरले, पण आता सूज उतरली"? तुमचा जीव भांड्यात पडला असेल. पण सूज उतरली तसा तिचा डावा डोळा आत खोल गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खोबणीचं हाड मोडलंय, ऑपरेशन लागेल.

"कशानं लागलं?" त्यांनी तिला विचारलं.

"पडली," माझा मुलगाच बोलला. मी मान खाली घातली.

काल तिला म्हटलं, "माहेरी जा गं."

"मी गेले तर ह्यांचा हात तुमच्यावर उठेल, आई."

तिला येऊन घेऊन जा, एवढंच लिहायला बसले होते. पण ती जाणार नाही हे ऐकून मला हायसं वाटलं, विहीणबाई. आता पत्र टाकायला पाय उचलत नाही.

तुमच्या लेकीची सासू